हौसे, नवसे, गवसे आणि वाजंत्र्यांची गाडी

चैत्री पौर्णिमेची रात्र. साल साधारण 1940 धरा. तुम्ही विवळवेढ्यात आहात, महालक्ष्मीच्या जत्रेत. डहाणू तालुका अजून ठाणे जिल्ह्यात आहे. पालघर जिल्हा व्हायला 2014 चा ऑगस्ट उजाडावा लागेल. पण जत्रेला जिल्ह्याशी काय देणंघेणं? पाड्यापाड्यांतून बैलगाड्या निघाल्यात. जव्हारकडून, तलासरीकडून, पार गुजरातच्या बाजूने माणसं पायी येताहेत. मध्यरात्री वाघाडीचा पुजारी निशाण घेऊन डोंगर चढेल. निशाण जव्हार संस्थानाकडून येतं, चढवण्याचा मान मात्र आदिवासी घराण्याचा. ते फडकलं की पुढचे पंधरा दिवस इथे पाय ठेवायला जागा मिळायची नाही.

आत्ताच मिळत नाहीये. मागून लोंढा येतो आणि पाऊल न उचलता तुम्ही दहा हात पुढे सरकता. नाकात धूळ आहे, सुक्या बोंबलाचा वास आहे, ताडीचाही आहे. पावसाळ्याच्या चार महिन्यांची बेगमी इथेच होते. सुका जवळा, बोंबील, कांदे, मसाला, कोयते, मडकी, सगळं एका फेरीत. डावीकडे एक पोरगं पिपाणी फुंकत उड्या मारतंय. त्याला देवीशी कर्तव्य नाही. उजवीकडे एक बाई तान्ह्या मुलाला छातीशी धरून, नारळ मुठीत घट्ट पकडून, कुणाकडेही न बघता देवळाकडे सरकते आहे. आणि तुमच्या अगदी मागे असलेल्या त्या माणसाची नजर ना देवळावर आहे ना दुकानांवर. ती लोकांच्या कमरेच्या चंच्यांवर आहे. तुमची चंची जरा पुढे घ्या.

हौसे, नवसे, गवसे म्हणतात ते हेच तिघे. एकाला हौस आणते, एकीला नवस आणतो, आणि तिसऱ्याला काहीतरी गवसायचं असतं. म्हणजे दुसऱ्याचं, आपल्या हाताला. ‘सगळे चालले म्हणून मीही निघालो’ या वागण्याला मराठीत टोमणे पुष्कळ आहेत. मेंढरांसारखं मागे जाणं, वाहत्या गंगेत हात धुणं, वारा वाहील तशी पाठ देणं. पण जत्रेतली ही तीन नावं मला सगळ्यांत शहाणी वाटतात. गर्दी एकाच कारणाने जमते, हे त्यांना मान्य नाही. लांबून सगळी डोकी सारखीच दिसतात. आत शिरल्यावर माणसं निरनिराळी निघतात.

‘सगळे चालले म्हणून निघालो’ या वागण्यासाठी इंग्रजीत एक गाडी आहे. ती बघायला जरा लांब जावं लागेल, पण तिथे फार वेळ काढायचा नाही.

1848. अमेरिकेतल्या एका गावाचा रस्ता. सर्कस आली आहे आणि तंबू ठोकण्याआधी तिची मिरवणूक निघाली आहे. सर्वांत पुढे नक्षीकाम केलेली, रंगवलेली, घोड्यांची उंच गाडी. तिच्यावर वाजंत्री बसलेत आणि पितळी कर्ण्यांनी रस्ता दणाणून सोडताहेत. हीच ती बँडवॅगन. डॅन राइस नावाचा त्या काळचा नामांकित विदूषक आपल्या गाडीवर झॅकरी टेलर या अध्यक्षपदाच्या उमेदवाराला चढवून फिरवतो, असं सांगतात. टेलर त्या वर्षी निवडून आला हे मात्र इतिहासात आहे. गाडीभोवती लोक जमतात हे दिसल्यावर गावोगावचे पुढारी तिच्यावर जागा मिळवायला धडपडू लागले: उमेदवाराचं तेज आपल्याही तोंडावर पडावं म्हणून. बार्नम या सर्कसवाल्याच्या 1855 च्या आत्मचरित्रात ती खरीखुरी, चाकांची गाडी आहे. 1899 मध्ये थिओडोर रूझवेल्ट पत्रात तिचा उल्लेख करतो तोवर चाकं गळून पडलेली असतात. जिंकणाऱ्याच्या बाजूला उडी मारणं एवढाच अर्थ उरलेला असतो.

तुम्ही रस्त्याच्या कडेला उभे आहात. गाडीवर चढणाऱ्यांकडे नीट बघा. त्यांच्यात एकही जण असा नाही, ज्याने आधी कोण जिंकतंय हे पाहिलं नाही. गाडी कुणाची, घोड्यांचा दाणागोटा कोण भरतो, वाजवणाऱ्यांना पैसे कोण देतो, हे कुणी विचारत नाही. त्या वाक्प्रचारात कुत्सितपणा भरलाय तो इथूनच. माझ्या हिशेबाने या गाडीवर हौसे थोडे आहेत, गवसे पुष्कळ, आणि नवसे नाहीतच. कारण नवस बोलायचा तर आपलं काहीतरी पणाला लावावं लागतं.

बस झालं. परत फिरा.

23 मे 1945. गाव झरी. आज ते तलासरी तालुक्यात आहे. त्या दिवशी ते उंबरगाव तालुक्यात मोडतं, कारण महाराष्ट्र-गुजरात वेगळे व्हायला अजून पंधरा वर्षं आहेत. युरोपातलं युद्ध संपून पंधरवडा झालाय. पाऊस दोनतीन आठवड्यांवर. उन्हाने जमीन भेगाळली आहे.

इथे तुम्हाला नुसतं बघे म्हणून उभं राहता यायचं नाही. तुम्ही वारली आहात आणि लग्नगडी आहात. लग्नासाठी सावकाराकडून पैसे उचलले, तेव्हा अंगठा उठवला तो स्वतःच्या मानेवर. तेव्हापासून तुम्ही आणि तुमची बायको दोघंही त्याच्या घरची. मजुरी नाही, मुदत नाही, हिशेब नाही. फेडायचं किती राहिलंय हे फक्त त्यालाच माहीत, आणि त्याच्या वहीत आकडा खाली येत नाही. ज्यांनी कर्ज उचललं नाही त्यांनाही वेठ चुकलेली नाही: सावकाराचा माणूस पाड्यात येऊन हाक मारतो आणि आपली पेरणी टाकून त्याच्या शेतावर जावं लागतं. नाही म्हणणाऱ्याचं काय होतं ते तुम्ही लहानपणापासून बघत आलात.

जानेवारीत झरीचा माह्या धांगडा काही जणांना घेऊन टिटवाळ्याला किसान सभेच्या परिषदेला जाऊन आला. तिथे शेतकरी व्यासपीठावर उभे राहून बोलले म्हणे. ते ऐकून आल्यापासून तो गप्प बसलेला नाही. आता किसान सभेचे शामराव आणि गोदावरी परुळेकर इकडे फिरताहेत. पुण्याची, वकिलीची परीक्षा पास झालेली बाई पाड्यात येऊन झोपडीत राहते, आंबील पिते, हे पहिल्यांदा ऐकलंत तेव्हा तुम्हाला खरं वाटलं नव्हतं. काल शेजारच्या पाड्यातून निरोप आला, झरीला सभा आहे.

जायचं का?

या प्रश्नाशी जरा थांबा. अमेरिकेतल्या त्या पुढाऱ्यांचा हिशेब इथे लावून बघा. जिंकणारी बाजू कोणती? सावकाराची, अर्थात. जमीन त्याची, गवत त्याचं, फौजदार त्याच्या ओटीवर बसतो. चढायला गाडी नाही. वाजंत्री नाहीत. एक लाल बावटा आहे, तो वाऱ्यावर फडफडतोय, आणि त्याच्याखाली गेल्याबद्दल उद्या चाबूक खावा लागण्याची शक्यता भरपूर आहे. शहाणा माणूस घरी बसेल.

तुम्ही झोपडीच्या दारातून बघता. शेजारचा निघालाय. त्याच्या मागे त्याचा भाऊ. वाटेवर आणखी चारपाच डोकी दिसताहेत. तुम्ही काठी उचलता. मोठा विचार वगैरे झालेला नाही. ते चालले म्हणून तुम्ही निघालात. असंच निघत निघत झरीला सुमारे 5,000 माणसं जमतात.

ठरतं ते थोडक्यात सांगण्यासारखं आहे. रोज 12 आणे रोख मिळाल्याशिवाय जमीनदाराच्या शेतावर काम नाही. वेठ नाही. मारायला आला तर सहन करायचं नाही. आणि सगळ्यांनी एक राहायचं. चौथं कलम ऐकायला भाषणातलं वाटतं, पण पहिली तिन्ही त्याच्यावर टांगलेली आहेत.

ते कसं, हे दुसऱ्या दिवशी सकाळी कळतं. सावकाराचा माणूस पाड्याच्या तोंडाशी येतो आणि नेहमीसारखी हाक मारतो. तुम्ही उठत नाही. पण मान वळवून शेजारच्या झोपडीकडे बघता. तोही तुमच्याकडेच बघतोय. पलीकडचा तिसरा या दोघांकडे. पुढचं सगळं त्या बघण्यावर ठरतं. एकटा बसून राहिला असता तर संध्याकाळपर्यंत त्याला झाडाला बांधला असता. सगळेच बसून राहिले तर बांधायचं कुणाला? दुसरा काय करतो ते बघून आपण तसंच करणं, ज्याला आपण मेंढरं म्हणून हिणवतो, तेच त्या सकाळी त्यांच्याकडचं एकमेव हत्यार होतं. पुस्तकी माणसांना हे मान्य करणं जड जातं, कारण आपल्याला एकट्याने उभा राहणारा नायक आवडतो. डहाणू-तलासरीत एकटा उभा राहणारा नायक चालला नसता. तो टिकलाच नसता.

काही महिन्यांत वेठ मोडली, लग्नगडी सुटू लागले. गोदावरीबाईंनी पुढे हे सगळं ‘जेव्हा माणूस जागा होतो’मध्ये लिहिलं, पुस्तक 1970 चं, साहित्य अकादमीचा पुरस्कार 1972 चा. वाचलं नसेल तर वाचा. मी इथे त्यातलं फारच थोडं सांगू शकतो.

आता झरीच्या सभेपासून पाच महिने पुढे या. पाऊस संपलाय, गवत कमरेएवढं वाढलंय. मुंबईच्या तबेल्यांची भूक भागवणारं हेच गवत. ते कापायचे दिवस म्हणजे जमीनदार आणि व्यापाऱ्यांच्या कमाईचे दिवस. मजुरांनी दर मागितलाय: 500 पौंड गवताला अडीच रुपये. दर मिळेपर्यंत कोयते खाली. गवत उभंच आहे आणि वाळत चाललंय.

10 ऑक्टोबर 1945. पाड्यात निरोप येतो की तलवाड्याला बाईंची सभा आहे. सोबत दुसरा निरोप, की जमीनदारांचे गुंड बाईंना मारायला टपलेत, काठ्या घेऊन या. तुम्ही एकदा असाच निरोप ऐकून निघाला होतात आणि त्याचं चांगलंच झालं होतं. शेजारी निघतो. तुम्हीही निघता. हजारो माणसं तलवाड्याच्या वाटेला लागलेली असतात.

बाई तिथे नाहीत. सभा नाही. निरोप जमीनदारांच्या गोटातून सुटलेला होता. तिकडे पोलिसांना सांगितलं गेलंय की आदिवासी काठ्या घेऊन चाल करून आलेत. बाईंवर संकट आहे असं ऐकून आलेली माणसं बावट्याभोवतून हलत नाहीत, आणि पोलीस गोळीबार करतात. पाच जण मारले जातात. जेठ्या गांगड हे नाव त्यांतलं. दर वर्षी 10 ऑक्टोबरला या भागात हुतात्मा दिन पाळतात तो यांच्यासाठी.

या दोन तारखा मी मुद्दाम शेजारी ठेवल्या. माणसं तीच आहेत, त्यांचं निघणंही तेच, शेजाऱ्याकडे बघून काठी उचलणंही तेच. मे महिन्यात त्या निघण्याने वेठ मोडली. ऑक्टोबरात त्याच निघण्याचा सापळा झाला. फरक चालणाऱ्यांत नव्हता. हाक कुणाची होती, यात होता. जमीनदार गर्दीत कुठेही नव्हता, पण गर्दीचा माग त्याला नेमका लागला होता. जत्रेतला तो तिसरा माणूस आठवत असेल तर त्याने यावेळी चंची सोडून माणसंच उचलली.

हे अंगावर येत असेल तर थोडं आडवाटेला चला. हंगाम तोच, भात तयार होण्याचा. रात्र. पाड्याच्या मधल्या मोकळ्या जागेत तारपा वाजतोय. वाळवलेला दुधी भोपळा, त्याला जोडलेल्या बांबूच्या नळ्या, ताडाच्या पानांचा लांब कर्णा, सांधे मेणाने बुजवलेले. वाजवणाऱ्याचे गाल फुगलेले आहेत आणि मध्ये श्वास घेताना सूर तुटत नाही. तो कसा तुटत नाही हे तुम्हाला शेवटपर्यंत कळणार नाही. त्याच्याभोवती बाया-पुरुषांची साखळी. शेजारणीने तुमच्या कमरेला हात घातलाय, तुम्ही पुढच्याच्या. आता इथे वेगळं पाऊल टाकायची सोयच नाही.

साखळी डावीकडे चालते. सूर बदलतो. पुढचा वळतो, मग त्याच्यामागचा, मग तुम्ही. साखळी गुंडाळत जाते आणि पुन्हा सुटते. एक नियम सगळे पाळतात. तारप्याकडे पाठ करायची नाही. म्हणजे कुणाच्या सुरावर आपण चाललोय हे प्रत्येकाला सतत दिसत राहतं. आणि वाजवणाऱ्यालाही सगळे दिसत राहतात. पाय थकले तर त्याला कळतं. इथे उंच गाडी नाही, वाजंत्री जमिनीवर आहे, नाचणाऱ्यांच्या मधोमध, त्यांच्याच पाड्याचा. तलवाड्याच्या निरोपाला असं तोंड नव्हतं.

हाच नाच तुम्ही हजार ठिकाणी पाहिलाय. पांढऱ्या रेघांत, गोल गोल फिरणारा, दोन त्रिकोणांचं एकेक माणूस. तो कागदावर कसा उतरला ते बघायला गंजाडला यावं लागेल, डहाणूपासून आत, कलंबीपाड्यावर. साल 1970 नंतरचं.

तुम्ही एका कुडाच्या घरात बसला आहात. भिंत शेणाने सारवून गेरूने लाल केलेली. घरात लग्न आहे, म्हणून सवाशिणी भिंतीवर चौक लिहिताहेत: तांदळाचं पीठ, बांबूची काडी, काडीचं टोक चावून केलेला कुंचला. मधोमध पालघट देवी. लग्न लावणारी धवलेरी गाते आहे. चौकाशिवाय लग्न लागत नाही. पुरुषांनी यात हात घालायचा नसतो. लग्न झालं की चौकाचं काम संपलं, भिंत पुन्हा सारवली जाते. चित्र ठेवायचं असतं, विकायचं असतं, त्याखाली नाव घालायचं असतं, हे इथे कुणाच्या डोक्यातच नाही.

भास्कर कुलकर्णी दारात येतात. हातमाग-हस्तकलेच्या सरकारी कामातले हे चित्रकार. 1966-67 च्या दुष्काळात याच माणसाने बिहारमध्ये मधुबनीच्या बायकांना कागद नेऊन दिला होता. आता तो इकडे आलाय. सवाशिणींची चित्रं बघायला आलेल्या त्याला एक पुरुष सापडतो, जो लग्न नसतानाही काढत बसतो. जिव्या सोमा मशे. जन्म 1934, तलासरीच्या धामणगावचा. अकराव्या वर्षी इकडे कलंबीपाड्याला आला. म्हणजे झरीची सभा झाली त्या सुमाराला. आई लवकर गेली, मुलगा बोलेनासा झाला, मातीत रेघा ओढून सांगायला लागला. बायकांच्या कामात पुरुष काय करतो, असं पाड्यातल्या कुणी मनात म्हटलं नसेल का? म्हटलं असणारच. तो काढत राहिला.

1975 मध्ये मुंबईच्या केमोल्ड गॅलरीत त्याचं प्रदर्शन, 1976 मध्ये राष्ट्रीय पुरस्कार, 1989 मध्ये पॅरिसला, 2011 मध्ये पद्मश्री. कागदाला पैसे मिळतात हे दिसल्यावर गंजाड आणि आसपासच्या पाड्यांत पुरुषांनी कुंचले उचलले. एकाचं बघून दुसऱ्याने, दुसऱ्याचं बघून तिसऱ्याने. कुणी याला लाटेवर स्वार होणं म्हणेल. तो म्हणणारा पोटासाठी वसईच्या वीटभट्टीवर कुटुंबासह सहा महिने राहिलेला नसतो. अंगणात बसून रेघा काढून घर चालत असेल तर शेजाऱ्याचं बघून बसण्यात मला तरी कमीपणा दिसत नाही.

लाट नंतर आली, आणि ती पाड्यावरून उठली नाही. तुम्ही आता आजच्या मुंबईत किंवा पुण्यात आहात, हवं तर एखाद्या मॉलमध्ये. कुर्ता, उशीचा अभ्रा, कॉफीचा मग, सोसायटीची कंपाऊंड भिंत, मोबाइलचं कव्हर. सगळीकडे तारपा, सगळीकडे तेच गोल. हार्वे लायबेनस्टाईन या अर्थशास्त्रज्ञाने 1950 मध्ये ग्राहकांची वर्गवारी केली. त्यात त्याने त्या सर्कशीच्या गाडीचंच नाव वापरलं: दुसऱ्यांनी घेतलं म्हणून घेणारे ते गाडीवाले. आणि दुसऱ्यांनी घेतलं म्हणून घ्यायचं सोडणारे ते तोऱ्यातले. वारली कुर्त्याचे दोन्ही गिऱ्हाईक तुम्हाला ठाऊक आहेत. पहिल्याने तो दिवाळीला घेतला, दुसऱ्याने ‘आता फार कॉमन झालं’ म्हणून कपाटात टाकला. दोघांपैकी एकानेही तारपा ऐकलेला नाही, म्हणून दोघांवर रागवण्यात अर्थ नाही. ते हौसे आहेत. जत्रा हौशांवरच चालते.

राग धरायचाच तर तिसऱ्यावर, गवशावर धरा. कापडाच्या कारखान्यात एकदा साचा बनवला की रेघ ओढणारा हात लागत नाही. मीटरवर मीटर छापता येतं आणि त्यातला पैसा गंजाडच्या वाटेला फिरकत नाही. 2014 मध्ये वारली चित्रकलेला भौगोलिक मानांकन मिळालं, म्हणजे हे नाव कुणी वापरायचं याला कायद्याचा आधार आला. पण मानांकन अर्जावर असतं, कॉफीचा मग विकणाऱ्याच्या काउंटरवर नसतं. छापील मालात तारपा वाजवणारा बऱ्याचदा गोलाच्या बाहेरच जाऊन पडलेला असतो, किंवा नसतोच. नुसते नाचणारे घेतलेले असतात, कारण डिझाइनला तेवढं पुरतं. कुणाच्या तालावर नाचताहेत हे छापणाऱ्याला माहीत नाही, आणि विचारावंसंही वाटलेलं नाही.

जिव्या मशे 2018 च्या मे महिन्यात गेले. त्यांची मुलं आणि इतर पाड्यांवरचे कितीतरी जण आजही काढतात. आता त्यांच्या चित्रांत रेल्वे असते, मोबाइल टॉवर असतो. लग्नघरात चौक अजूनही लिहिला जातो, आणि तो विकत मिळत नाही.

डहाणू रोड स्टेशनवर उतराल तेव्हा फलाटावरची चित्रं बघून परत फिरू नका. रिक्षाने गंजाडच्या बाजूला जा. जे आवडेल ते घ्या, हौसेने घ्या, पण घेण्याआधी कोपऱ्यात सही आहे का बघा. नसेल तर हे कुणी काढलं ते विचारा. विकणाऱ्याला नाव सांगता आलं नाही, तर त्याच्या किमतीला घेऊ नका.